शेंदराखालचा माणूस

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. तळाच्या चौकटीत लढाई. तिच्यावर, पडलेल्या वीराला दंडाला धरून वर नेणाऱ्या अप्सरा. त्याहून वर स्वर्ग, म्हणजे महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. कुणी लढाईत पडला की गावाने त्याच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड तो. आपल्याकडे शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे, कुठेही सापडतो. मुलं वह्यांत उतरवून घेतात. मग एखादा धीट मुलगा विचारतो, "सर, सांस्कृतिक इतिहासात एम.ए. करून पुढे काय?"

याला माझ्याकडे तयार उत्तर आहे. वस्तुसंग्रहालयं आहेत, दप्तरखाने आहेत, उत्खननाच्या छावण्या आहेत, कॉलेजातली नोकरी आहे. माझ्याबरोबरचा एकजण पुण्यातल्या एका बोलपट कंपनीत लागला होता. सरदाराची पगडी कशी बांधावी आणि राणीच्या नाकात नथ असावी की नसावी, एवढं सांगायचं काम. आम्हा सगळ्यांत मजेत तोच होता. मी स्वतः एका दगडाच्या जोरावर इथवर आलो. त्या दगडाविषयी माझ्या प्रबंधात जे आहे ते खरं आहे. तो उघडा कसा पडला याविषयी एकच वाक्य आहे, आणि ते खोटं आहे.

मी भोरचा. वडील संस्थानच्या कचेरीत होते. शाळेत माझ्या बाकावर वेल्ह्याच्या खोऱ्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा बसायचा. गावाहून रोज येणं शक्य नव्हतं म्हणून तो आमच्या पडवीत राहिला. आई त्याचं पान वेगळं मांडायची, पण वाढायची भरपूर. सुटीत मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी जायचो. तिथे माझं पान वेगळं मांडायचं कुणाला सुचायचंही नाही. पुढे तो शेती करू लागला, त्याचं लग्न झालं. महायुद्ध सुरू झाल्यावर फौजेत भरती झाला आणि बोटीने कुठेतरी पूर्वेकडे गेला. मी पुण्याला एम.ए.ला आलो.

वडिलांना मी वकील व्हायला हवा होतो. "वकील झाला असतास तर दरबारात कुठंतरी चिकटवता आलं असतं," ते म्हणायचे. "हे दगडधोंडे वाचून काय, नदीला घाट बांधणार आहेस?" पुण्यातल्या माझ्या खोलीत, जुन्या लिपीतली अक्षरं कंदिलाशी धरून लावताना मला जे वाटायचं ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. पाण्याखालून कुणी हाक मारावी आणि ती आपल्यालाच ऐकू यावी, असं काहीतरी.

आमचे प्राध्यापक कोरडे गृहस्थ. मी वेल्ह्याच्या खोऱ्यातली ग्रामदैवतं हा विषय मागितला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"त्या शेंदराखाली काय काय गाडलेलं असेल, कुणी पाहिलंय?" ते म्हणाले. "जा. पण एक लक्षात ठेवा. आपण वस्तूला नजर लावायची. हात नाही."

शेंदराचं असं असतं. तेलात कालवून तो मूर्तीवर चढवतात, पिढ्यान्‌पिढ्या चढवतात, आणि आतला आकार बुजून नुसता तांबडा गोळा उरतो. त्याला मग चांदीचे डोळे बसवतात. कधीतरी, शंभरेक वर्षांनी म्हणा, ते कवच आपल्याच भाराने निखळतं. गाव म्हणतं, देवानं कात टाकली. कवच वाजतगाजत नदीत सोडतात. पण हे त्याच्या मनाने व्हावं लागतं. माणसाने नख लावायचं नाही.

मी निघालो ते मार्गशीर्षात. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. पाठीला बंब बांधलेली ती सर्व्हिस मोटार कात्रजच्या चढाला दमायची, उतारू खाली उतरायचे, बाजूने चालायचे आणि वर गेल्यावर पुन्हा बसायचे. नसरापूरला उतरून पुढे बैलगाडी. पहाटेचं धुकं गुंजवणीच्या पात्रावरून उठून शेतांत शिरलेलं. बैलांची शिंगं दिसायची, बैल दिसायचे नाहीत. तोरण्याचा माथा ढगावर ठेवल्यासारखा, खाली काहीच नाही. गाडीवान पेंगत होता, बैल आपले आपण चालले होते, आणि मला वाटत होतं की मी रस्त्याने जात नसून मागे मागे कुठल्यातरी शतकात जातो आहे. इतका सुखाचा प्रवास मी पुन्हा कधी केला नाही.

घरात दोघीच होत्या. माझ्या मित्राची आई, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणायचो, आणि त्याची बायको. मित्र माझ्याहून काही महिन्यांनी मोठा, म्हणून ती माझी वैनी. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, विशीचीही नसेल. पण तोंडाने कुणाला हार जाणारी नव्हती.

"यम्मे म्हंजी कितवी वो भावजी?"

"सोळावी."

"अगं बया! सोळा यत्ता झाल्या आन् चूल पेटवाय येत न्हाई? मग सतरावीत शिकिवत्यात का?"

मावशी हसायची, पण अर्धवट. माझा मित्र बेपत्ता होता. फौजेकडून तेवढाच शब्द आला होता. मेला असं कुणी म्हणेना, आहे असं कुणी सांगेना. ह्यातच कामथडीहून एका बिजवराचा निरोप आला होता. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, घरी दोन बैल, विहिरीला बारमाही पाणी. वैनीशी म्होतूर लावायला, म्हणजे दुसरेपणाचं लग्न करायला, तो तयार होता. त्यांच्यात ती रीत होती. वैनीचा भाऊ येऊन दोन वेळा बोलून गेला. मावशीने त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

"आईला इचारू," ती म्हणाली. आई म्हणजे गावदेवी. "तिनं डावा कौल दिला तर पोरीला मोकळी करू. उजवा दिला तर माजा ल्योक हाय. मग वाट बगायची."

वैनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. त्या वेळी मला ते तिचं समाधान वाटलं.

देऊळ ओढ्याच्या पलीकडे, उंबराखाली. आत पाऊल टाकलं की तेलाचा, थंड दगडाचा, वटवाघळांचा वास. मधोमध ती. माझ्याहून हातभर उंच, तांबडीलाल, निराकार, चांदीच्या डोळ्यांनी समोर पाहणारी. गुरवाने मला लांबून मापं घ्यायला परवानगी दिली होती. मी मापं घेतली, चित्र काढलं. चित्रात काय? एक अंडं. आठ गावं फिरून माझ्याजवळ अशी अंडीच जमली होती, आणि फाल्गुनात प्रबंध द्यायचा होता.

देवीच्या उजव्या अंगाला भिंतीत झरोका होता. दुपारी त्यातून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि तिच्या कुशीवर पडायचा. त्या उजेडात एके दिवशी मला शेंदराला गेलेली केसाएवढी भेग दिसली. भेगेच्या आत एका पायाची बोटं होती. दगडातली, नीट घडवलेली, माणसाच्या पायाची पाच बोटं.

पुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

दुपारी माणसं रानात असायची. मी मावशीच्या ओसरीतलं एक गोणपाट घेतलं, देवळामागे तीन दगडांची चूल मांडून पाणी तापवलं, गोणपाट बुडवून पिळलं आणि त्या भेगेवर शेक दिला. मग गोडेतेल सोडलं, कडेने बांबूची पातळ कामटी फिरवली. मला फक्त वीतभर हवं होतं, पायापासून पोटरीपर्यंत. तेवढं पाहून पुन्हा शेंदूर लिंपून टाकू, असा माझा विचार. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशीही. उजेड उजवीकडे होता म्हणून काम उजवीकडेच केलं. शेंदूर मऊ पडत होता, पण सुटत नव्हता. त्या दुपारांची शांतता अजून माझ्या अंगात आहे. उंबरावर होले घुमायचे, उन्हाचा पट्टा माझ्या मनगटावरून सरकत जायचा, आणि शेंदराखाली कुणीतरी श्वास रोखून माझी वाट पाहत आहे अशी मला खात्री व्हायची. कधी मला वाटायचं तो माझा मित्रच आहे. हे खरोखर वाटायचं. आपल्या सोयीसाठी मी आता ते रचत नाही.

तिसरा दिवस सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मंगळवारी कौल लावायचा, हे मला ठाऊक होतं. मावशीने आदल्या रात्रीच जेवताना सांगितलं होतं. मी गोणपाट ओढ्याच्या डोहात दगड बांधून बुडवलं, राख पांगवली आणि घरी येऊन हात धुतले.

सकाळी देवळात दाटी झाली. गुरवाने पाण्यात भिजवलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मावशीने पुढे होऊन पायांवर डोकं ठेवलं आणि दचकून वर पाहिलं.

"आईला घाम सुटलाय," ती म्हणाली.

सगळे पुढे वाकले. देवीची उजवी कूस खरोखरच ओली चमकत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

गुरव म्हणाला, "आई, तुजं लेकरू परमुलखात गेलंय. हाय का न्हाई त्ये सांग. घरची लेक अडून राह्यलीय, तिला वाट दाव."

कितीतरी वेळ काही हललं नाही. मग तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा फुटावा तसा बारीक आवाज झाला. उजवी पाकळी नुसती पडली नाही. तिच्यासकट खांदा सुटला, कूस सुटली, चांदीचा एक डोळा सुटला, आणि पाहता पाहता अख्खं कवच उजवीकडे कलून खाली बसलं. धूळ उडाली. झरोक्यातल्या उजेडात, वीरगळाच्या तळाच्या चौकटीत, तो उभा होता. हातात ढाल, तलवार उगारलेली, तोंडावर मंद हसू.

कुणीतरी किंचाळलं, "आईनं पोटातला ल्योक दावला!"

मग डफ वाजू लागले. मावशी जमिनीवर बसून मोठ्याने रडली. बायांनी वैनीच्या कपाळाला कुंकू लावलं, कपाळ भरून पार भुवयांपर्यंत. दुपारी टोपल्यांतून कवचाचे तुकडे नेऊन नदीत सोडले. थंडीचं संथ पाणी. तांबडा रंग हळूहळू उलगडत गेला आणि बराच वेळ वाहिलाच नाही, एका जागी तरंगत राहिला. मी काठावर उभा होतो. मला आनंद झाला होता, हेही लिहून टाकतो. त्या खोऱ्यातला असा वीरगळ कुणीच नोंदवलेला नव्हता.

संध्याकाळी मी चित्र काढत बसलो होतो. वैनी दिवा घेऊन आली.

"भावजी, तुमाला दगड वाचाय येतो म्हंत्यात. काय लिवलंय ह्यात?"

मी म्हटलं, "लढाई आहे."

"त्ये दिसतंय. ही खाली लडाई. मग ह्या दोगी कोन? भनी का?" तिने दिवा वर धरला. "हाताला धरून घिऊन चालल्यात त्याला. आन् हितं वर..." ती पायाच्या बोटांवर उभी राहिली. "हितं बसलाय. पिंडीला हात जोडलेत. म्हंजी घरी आला. घरी आला आन् देवाच्या पाया पडाय बसला. व्हय ना वो?"

खालून वर. तिने अगदी बरोबर क्रमाने वाचलं होतं. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा मला नीट दिसला, आणि त्यावर आनंद नव्हता. ती विचारत होती. आज इतक्या वर्षांनी मला कळतं की तिला तेव्हा दोन्ही उत्तरं चालली असती, कदाचित दुसरं जास्त.

"होय वैनी," मी म्हटलं. "घरी आला."

पुण्याला आल्यावर मी इंग्रजीत लिहिलं की वरच्या चौकटीत मृत वीराचा स्वर्गवास कोरलेला आहे. आणि लिहिलं की माझ्या मुक्कामात शेंदराचं कवच नैसर्गिकरीत्या निखळलं. प्राध्यापकांनी हात हातात घेतला. "नशीबवान आहात," म्हणाले. पहिला वर्ग मिळाला, लगेच संग्रहालयात जागा मिळाली. वडिलांनी पेढे वाटले आणि कचेरीत ज्याला त्याला सांगितलं की दगड वाचायला अक्कल लागते.

कामथडीच्या माणसाने वर्षभराने दुसरीकडे लग्न केलं.

लढाई संपली, माणसं परत आली. जी यायची ती आली, माझा मित्र त्यांत नव्हता. मावशी वाट पाहतच गेली. मी तिच्या दिवसांनाही गेलो नाही. संस्थान विलीन झालं त्या सुमारास संग्रहालयाने मला तो वीरगळ पुण्याला आणायला पाठवलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्या वाटेला लागलो. तेच धुकं होतं. मात्र या वेळी मला ते माझ्यामागे येतं आहे असं वाटलं.

गावाने त्या दगडावर पुन्हा शेंदूर चढवला नव्हता. वैनी त्याला रोज पाण्याने धुवायची. तिच्या हाताने तो गुळगुळीत झाला होता, तलवारीची धार बोथटली होती. ती रोडावली होती, कपाळावर कुंकू होतं तेवढंच मोठं.

"न्यायला आलाव व्हय?" ती म्हणाली. "मग माज्या घरात कोन ऱ्हाईल?"

त्या दिवशी मी तिला दगड पुन्हा वाचून दाखवला. खालून वर, जसा आहे तसा. ह्या बहिणी नव्हेत, अप्सरा. हे घर नव्हे, स्वर्ग. हा माणूस लढाईत मेला, म्हणून हा दगड आहे. मेला नसता तर दगड नसता. कौलाच्या संध्याकाळी मी खोटं सांगितलं होतं, हेही म्हटलं.

तिने दगडावरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं.

"आन् ह्याची बायकू?"

"काय?"

"ह्याची बायकू कुटं हाय ह्यात? समदे हायती. शत्रू हायती, घोडा हाय, सर्गातल्या बाया हायती. ती न्हाई व्हय?"

मी तोपर्यंत शेकडो वीरगळ पाहिले होते. म्हटलं, "नाही. सती गेली तर तिचा दगड असतो. जगली तर नाही."

"असं," ती म्हणाली. आणि मग, सरळ माझ्याकडे बघत, "पर कौल तर उजवा दिला आईनं. त्यो तुमी न्हाई दिलाव."

पुन्हा एकाच वाक्याचं काम होतं, की तो मीच दिला. तेही मला बोलता आलं नाही. तिच्यापाशी तेवढा एक कौल उरला होता आणि तो काढून घेतला तर ती कशावर उभी राहील, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण लहान होतं. मला भीती वाटली. दगड हलवण्याजोगा नाही, असा अहवाल देऊन मी परत आलो. ती अजून तरुण होती. त्या दिवशी जरी मी बोललो असतो तरी काही वेगळं होऊ शकलं असतं.

आता माझ्या डोक्यावरचे केस गेले. गेल्या महिन्यात इथवरचं सगळं लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी एस.टी.ने वेल्ह्याला गेलो. वैनीला वाचता येत नाही. ओसरीवर बसून मी तिला वाचून दाखवलं. ती सुपात नाचणी पाखडत होती. पडवीतल्या मुलाचं आलं तेव्हा डोळे पुसले. चुलीचं आलं तेव्हा हसली. गोणपाटापाशी तिचं सूप थांबलं.

"त्ये गोनपाट आमचंच व्हतं?"

"होय."

"म्या लई हुडकलं त्याला. आत्याबाईनं, तुमच्या मावशीनं, माज्यावर आळ घेतला, हिनंच म्हायेरी दिलं म्हनून." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. ओसरीसमोरच्या खाचरांवर संध्याकाळचा धूर उतरत होता. "सोळा यत्ता शिकलाव, भावजी. येक वाक्य बोलाय यीना तुमाला."

मी कागदांची घडी घातली.

"कामथडीचा त्यो मानूस," ती म्हणाली, मला नव्हे, सुपाला. "म्या बगितला व्हता त्याला. नसरापूरच्या बाजारात. भावानं लांबून दावला. बैलाला पानी पाजीत व्हता. बैल पीतूया तवर स्वता उनात हुबा. त्या दिशी म्या आईला मनात म्हनलं व्हतं, डावा दे."

तिने सूप खाली ठेवलं, आत गेली. बाहेर आली ती वाटीत शेंदूर आणि तेल कालवत.

"चला. उजीड हाय तवर."

देवळात जाऊन तिने त्या दगडाला शेंदूर लावायला घेतला. खालपासून. आधी घोडा गेला, मग पायाची ती पाच बोटं, ढाल, दोघी बाया. तिचा हात पोचेना तेव्हा वाटी माझ्याकडे दिली. पिंडीपुढे हात जोडून बसलेल्या माणसावर शेवटचा हात मी फिरवला. झरोक्यातून ऊन गेलं होतं.

पदराला बोटं पुसत तिने विचारलं, "छापनार हाय न्हवं त्ये?"

"तू म्हणशील तसं."

"छापा. पर ती दगडात न्हाई म्हनलाव ना, त्येची बायकू? तिचं बी लिवा. ती बाजारात गेली व्हती म्हनून लिवा."